आठव्या सेकंदाला ट्रक कुठे होता

फळ्यावर ‘उणे नऊ’ असं लिहिलं आणि माझा हात तिथेच थांबला.

समोर पहिल्या बाकावर भाईदास माळी बसले होते. चाळिशीचे गृहस्थ. खाकी शर्ट, खिशाला पेन, मांडीवर चार घड्या पडलेली प्रश्नपत्रिका. बाक अकरावीच्या मुलांच्या मापाचा, त्यामुळे त्यांचे गुडघे फळीला टेकत होते. ते भांडायला आलेले नव्हते. मार्क वाढवून मागायलाही आलेले नव्हते. वर्गाच्या दारातच त्यांनी सांगितलं होतं, “मॅडम, अकरावा प्रश्न मला येत नाही. तेवढा शिकवून द्या.”

आणि तो शिकवता शिकवता माझ्या लक्षात आलं की तो प्रश्न मलाच आलेला नव्हता. पेपर मीच काढलेला होता.

थोडं मागचं सांगते. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मी धुळ्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. गावाबाहेर औद्योगिक वसाहतीत एक कारखाना होता, ब्रेक लायनर बनवणारा. ब्रेक दाबला की चाकाच्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारी जी पट्टी असते, ती म्हणजे लायनर. कारखान्यात टेस्ट इन्स्पेक्टरची एक जागा निघाली. नवे लायनर ट्रकला बसवायचे, ट्रक पळवायचा, ब्रेक मारायचा, किती अंतरात थांबला ते मोजायचं आणि माल पास किंवा नापास करायचा, असं त्याचं काम. माणूस आतलाच घ्यायचा होता. बारा जणांनी अर्ज केले. तिथले पर्सोनेल मॅनेजर वाणी साहेब आमच्या प्रिन्सिपॉलांकडे आले आणि म्हणाले, साधा लेखी पेपर काढून द्या, म्हणजे वशिल्याची बोंब होणार नाही. प्रिन्सिपॉलांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी पंधरा प्रश्न काढले. बहुतेक गतीचे, कारण काम ब्रेकचं. अकरावा प्रश्न असा होता: ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ट्रकला ब्रेक लावला. ब्रेकमुळे त्याचा वेग दर सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद इतका कमी होतो. ब्रेक लावल्यापासून पहिल्या ४ सेकंदांत ट्रक किती अंतर जाईल?

वेग असा एकसारखा कमी होत जातो त्याला आम्ही स्थिर मंदन म्हणतो. वेग वाढला तर त्वरण, घटला तर मंदन. त्याची तीन सूत्रं आहेत, ती दरवर्षी मी शंभर-सव्वाशे मुलांकडून पाठ करून घेत असे. सूत्रात आकडे घातले की उत्तर येतं, ३६ मीटर.

पेपर छापण्याची स्टेन्सिल कापायला द्यायच्या दिवशी मला आठवलं की हाच प्रश्न मी आदल्या वर्षी कॉलेजच्या परीक्षेत घातला होता. कारखान्यातली दोन-तीन पोरं आमचीच माजी विद्यार्थी. त्यांना आयतं नको मिळायला. दोन तासांच्या मधल्या वेळेत, स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या मी ४ खोडून ८ केले. पुन्हा सूत्रात आकडे घातले. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. पंधरा गुणिले आठ, एकशे वीस. त्यातून अर्धा गुणिले तीन गुणिले चौसष्ट, म्हणजे शहाण्णव, वजा. उत्तर २४ मीटर. आकडा स्वच्छ, पूर्णांकात आला म्हणून मी खूश झाले.

त्या कागदावर दोन्ही उत्तरं एकाखाली एक होती. चार सेकंदांत ३६ मीटर. आठ सेकंदांत २४ मीटर. दुप्पट वेळात ट्रक कमी अंतर गेला! हे मी पाहिलं आणि घंटा झाली म्हणून तासाला गेले.

परीक्षा झाली. पेपर मीच तपासले. उत्तरांची यादी बाजूला ठेवायची, शेवटचा आकडा बघायचा, बरोबर असेल तर सहापैकी सहा, नसेल तर वरच्या पायऱ्यांवर नजर टाकायची. सूत्र लिहिलेलं असेल तर एखाद-दोन मार्क, नसेल तर शून्य. निकाल कारखान्याच्या नोटीस बोर्डावर लागला. पहिला नरेंद्र वाघ, ७४. दुसरे भाईदास माळी, ७१. जागा एकच.

भाईदास नरडाण्याजवळच्या एका खेड्यातले. दहावी पास. आधी बारा-तेरा वर्षं आग्रा रोडवर ट्रक चालवलेला, नंतर कारखान्यात टेस्ट ड्रायव्हर. टेस्ट ड्रायव्हर फक्त ट्रक पळवतो. मोजमाप आणि सही इन्स्पेक्टरची. निकालानंतर त्यांनी प्रश्नपत्रिका घेतली आणि जो भेटेल त्याला विचारून प्रत्येक उत्तर पडताळलं. चौदा प्रश्नांचं समाधान झालं. अकराव्याचं उत्तर सगळे २४ सांगत. म्हणून शिफ्ट संपवून, बस पकडून ते माझ्याकडे आले.

मी फळ्यावर रीतसर सुरुवात केली. सूत्र लिहिलं, आकडे घातले, २४ आणलं. ते वहीत उतरवून घेत होते. मग त्यांनी मान वर केली.

“मॅडम, आठव्या सेकंदाला मीटरचा काटा कितीवर असेल?”

म्हणजे त्या क्षणी गाडीचा वेग किती. प्रश्न अगदी बरोबर होता आणि त्यालाही सूत्र होतं, तिन्हींमधलं सगळ्यात सोपं. सुरुवातीचा वेग १५. दर सेकंदाला ३ कमी. आठ सेकंदांत २४ कमी. पंधरातून चोवीस गेले.

उणे नऊ.

वर्गात पंखा फिरत होता. मी फळ्याकडे तोंड करून उभी होते, ते बरंच होतं. वेग उणा आला याचा अर्थ ट्रक उलट्या दिशेने चाललाय. ब्रेक लावलेला ट्रक पाचव्या सेकंदाला थांबला आणि त्यानंतर ड्रायव्हर, गिअर, इंजिन, कुणालाही न विचारता मागे यायला लागला, असं माझं उत्तर सांगत होतं.

“उणे म्हणजे?” भाईदासांनी विचारलं.

मला त्याच वेळी खरं सांगता आलं असतं. मी म्हणाले, “मला जरा तपासून बघावं लागेल. तुम्ही उद्या या.”

“उद्या फर्स्ट शिफ्ट आहे. तीननंतर आलो तर चालेल?”

“चालेल.”

त्यांनी वही मिटली, मला नमस्कार केला आणि गेले. तपासायचं काही उरलेलं नव्हतं. मी फळा पुसला. तो पुसताना मला कोणाची भीती वाटली ते आजही नीट सांगता येत नाही. प्रिन्सिपॉलांची नक्कीच नाही. बहुधा त्या वहीची, जिच्यात त्यांनी माझं २४ उतरवून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळचे दोन तास सहकाऱ्यावर सोपवले आणि रिक्षा करून कारखान्यात गेले. वाणी साहेब कॉमर्स आणि लॉ केलेले. कामात चोख, बोलण्यात सावध. मी बारा उत्तरपत्रिका मागितल्या.

“रिचेकिंग कुणी मागितलंय?”

“कुणी नाही. मलाच बघायचंय.”

अकरावा प्रश्न सात जणांनी २४ असा सोडवला होता. चौघांनी सोडून दिला होता. भाईदासांनी काय केलं होतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं, जरी त्यावरचं लाल शून्य माझ्याच हातचं होतं.

सूत्र नव्हतं. त्यांनी एका ओळीत आकडे मांडले होते: १५, १२, ९, ६, ३, ०. हा दर सेकंदाचा वेग. खाली दुसरी ओळ. पहिल्या सेकंदात वेग १५ वरून १२ वर येतो, म्हणजे मधला धरला तर साडेतेरा. तेव्हा त्या सेकंदात गाडी साडेतेरा मीटर गेली. दुसऱ्यात साडेदहा. मग साडेसात, साडेचार, दीड. बेरीज साडेसदतीस. आणि त्याखाली एक वाक्य: ‘पाच सेकंदांनंतर गाडी उभी राहिली. बाकीचे तीन सेकंद उभीच आहे. उत्तर ३७.५ मीटर.’

यात एक अक्षर चुकलेलं नव्हतं. मी दरवर्षी जी सूत्रं पाठ करून घ्यायचे ती याच बेरजेतून निघतात. भाईदासांनी सूत्र न वापरता सूत्राचं मूळच लिहून दिलं होतं.

मी वाणी साहेबांना सांगितलं, “अकराव्या प्रश्नाचं माझं उत्तर चूक आहे. भाईदास माळींचं बरोबर आहे. निकाल बदलावा लागेल.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मॅडम, वाघला पत्र दिलंय. एक तारखेपासून तो चार्ज घेणार. सात जणांनी चोवीस लिहिलं, एकाने सदतीस.”

“यात मतदान नसतं साहेब.”

“मला कळतं ते. पण मी निकाल एकदा बदलला की पुढचा प्रत्येक निकाल कुणीतरी घेऊन येईल. युनियन आहे इथे. शिवाय मला फिजिक्स येत नाही. उद्या कुणी विचारलं, तर मी काय सांगू? मॅडम परवा चोवीस म्हणाल्या, आज सदतीस म्हणतात, उद्याचं माहीत नाही?”

हे मला लागलं, पण त्यांचं म्हणणं रास्त होतं. मी विचारलं, “प्रश्न रद्द केला तर?”

त्यांनी कागदावर आकडे मांडले. प्रश्नच काढून टाकला तर वाघचे सहा जाऊन ६८, माळींचे ७१ तसेच. सगळ्यांना सहा दिले तर वाघ ७४, माळी ७७. बरोबर उत्तराला मार्क दिले तर ६८ आणि ७७. तिन्ही वाटांनी एकच माणूस पुढे येत होता. वाणी साहेबांनी कागदाकडे बराच वेळ पाहिलं.

“मला समजेल असं दाखवा,” ते म्हणाले. “फळ्यावर नको. मला, वाघला आणि युनियनच्या माणसाला, तिघांनाही एकदम कळलं पाहिजे.”

“तुमच्याकडे ट्रक आहे ना?”

त्या दुपारी तीनला भाईदास कॉलेजात आले. या वेळी मी त्यांना बाकावर बसवलं नाही. स्टाफरूममध्ये खुर्ची दिली आणि सरळ सांगितलं, “भाईदासभाऊ, चूक माझी आहे. तुमचं उत्तर बरोबर होतं. कालच मला कळलं होतं. काल सांगितलं नाही, ही दुसरी चूक.”

ते एकदम घरच्या बोलीत आले. “म्हणजे मी चुकनू नही?”

“नाही.”

“मॅडम, चार दिवस झाले, मी टेस्टला गाडी काढतो आणि ब्रेक दाबून आठ मोजतो. गाडी हलत नाही. मला वाटलं, शिकलेल्या माणसाला काही वेगळं दिसत असेल. आपल्याला दिसत नाही.” मग जरा हसून म्हणाले, “ब्रेक मारा तं गाडी मांगे जास का, हे मी कोणाला विचारणार होतो? लोक हसले असते.”

ब्रेक मारला तर गाडी मागे जाते का. एवढाच प्रश्न होता. तो विचारायला चाळीस वर्षांचा माणूस लाजला, कारण चोवीस हे उत्तर शिकलेल्या माणसाचं होतं.

कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही वसाहतीच्या मागच्या रस्त्यावर जमलो. सरळ, सपाट, वर्दळ नसलेला रस्ता. कारखान्याचा टेस्टचा ट्रक वाळूच्या पोत्यांनी भरलेला. रस्त्यावर आडवी चुन्याची रेघ. युनियनचे सेक्रेटरी आले होते. नरेंद्र वाघही होता, हातात मोजपट्टी घेऊन. वाणी साहेबांनी त्याला मुद्दाम तेच काम दिलं होतं, म्हणजे माप कुणी फिरवलं असं त्याला म्हणता येणार नाही.

नरेंद्र पंचवीसच्या आतला. आमच्या कॉलेजचा, माझ्या वर्गातला. पुढे आयटीआय करून कारखान्यात लागलेला. हुशार आणि सरळ मुलगा. त्याने मला नमस्कार केला, पण डोळ्यांकडे पाहिलं नाही.

केबिनमध्ये भाईदास स्टिअरिंगवर, मधे वाणी साहेब, खिडकीशी मी. माझ्या हातात कॉलेजच्या लॅबमधलं स्टॉपवॉच. मी भाईदासांना विचारलं, “सेकंदाला तीनने कमी होईल असा ब्रेक लावता येईल?”

“तीनचा म्हणजे कसा?”

मी ताशी ५४ ला पाच सेकंदांत गाडी थांबेल असा हिशोब सांगितला. त्यांनी मान हलवली. “कळलं. हातातला चहा सांडेल, माणूस सांडणार नाही, तसा.”

पहिल्या वेळी ते जरा घाबरलेले असावेत. रेघेवर पाय जोरात पडला. वाणी साहेबांचा हात समोरच्या फळीवर आपटला. ट्रक चार सेकंदांत थांबला. नरेंद्रने माप घेऊन ओरडून सांगितलं, “एकतीस मीटर!”

“जास्त दाबला गेला,” भाईदास म्हणाले. “परत घेतो.”

ट्रक मागे नेला. पुन्हा वेग घेतला. काटा ५४ वर आणून त्यांनी तो तिथेच धरून ठेवला. पुढची चाकं रेघेवर येताच मी बटण दाबलं आणि त्यांनी ब्रेक. या वेळी शरीर फक्त पुढे झुकलं. एक. दोन. तीन. चार. पाचाच्या किंचित पुढे ट्रक शांतपणे उभा राहिला.

मी घड्याळ बंद केलं नाही. सहा. इंजिन धडधडत होतं. भाईदासांचा पाय ब्रेकवर तसाच. सात. वाणी साहेब समोर काचेतून रस्त्याकडे बघत होते, जणू अजून काही व्हायचं बाकी आहे. आठ.

“आठ सेकंद व्हयनात, मॅडम,” भाईदास म्हणाले. “गाडी आठेच शे.”

आठे म्हणजे इथे. त्यांच्या बोलीत ते वाक्य इतकं सरळ बसलं की मला हसू आलं आणि मी ते दाबलं.

नरेंद्रने पट्टी लावली. एकोणचाळीस मीटर. कागदावरचे साडेसदतीस बरोब्बर येणार नव्हतेच. ब्रेकवर माणसाचा पाय होता आणि पाच सेकंदांऐवजी सव्वापाच लागले होते. पण चोवीसच्या आसपास काही नव्हतं. वाणी साहेब खाली उतरले, चालत रेघेपर्यंत गेले आणि चालत परत आले. मला वाटतं त्यांनी पावलं मोजली.

“मग ते चोवीस आलं कुठून?”

मी रस्त्यावर खडूने दाखवलं. “पाच सेकंदांत ट्रक साडेसदतीस मीटर गेला आणि थांबला. सूत्राला तो थांबला हे कळत नाही. त्याला फक्त एवढं सांगितलंय की दर सेकंदाला तीन कमी करत जा. शून्यातूनही ते तीन कमी करतं. मग पुढच्या तीन सेकंदांत ते ट्रकला साडेतेरा मीटर मागे आणतं. साडेसदतीसमधून साडेतेरा गेले, चोवीस.”

“म्हणजे कागदावर गाडी रिव्हर्स आली.”

“हो.”

“आणि सात जणांनी ती आणली.”

“मी शिकवलं तसं त्यांनी केलं.”

युनियनचे सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, पण मग हे सूत्र चुकीचं आहे का? पुस्तकात कसं काय छापतात?”

सूत्र चुकीचं नाही, हे मी त्यांना सांगितलं. दगड सरळ वर फेकला तर तो वर जाताना मंदावतो, क्षणभर थांबतो आणि खाली येतो. तिथे हेच सूत्र शेवटपर्यंत चालतं, कारण दगड थांबला तरी पृथ्वी त्याला ओढायची थांबत नाही. ब्रेकचं तसं नाही. ब्रेक फक्त चालत्या गाडीला अडवतो. गाडी उभी राहिली की त्याचं काम संपलं. म्हणून ब्रेकच्या गणितात आधी बघायचं की गाडी कधी थांबते, आणि दिलेली वेळ त्याच्या आत आहे की बाहेर.

ते म्हणाले, “हे तर कुणालाही कळेल.” मी हो म्हणाले.

सगळे ट्रककडे वळले तेव्हा नरेंद्र मोजपट्टी गुंडाळत मागे राहिला. मी त्याच्याजवळ गेले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

तोच बोलला. “मॅडम, मी तुम्ही शिकवलं तसंच लिहिलं.”

“माहीत आहे.”

“घरी पेढे वाटून झालेत.”

मी म्हणाले, “नरेंद्र, चूक तुझी नाही, असं मी वाणी साहेबांना लिहून देईन.”

“त्याने काय होईल?” त्याने शांतपणे विचारलं. चिडून नाही. पट्टी गुंडाळून झाली, तिचं टोक त्याने नीट आत बसवलं आणि ट्रककडे गेला. भाईदासांनी दार उघडून त्याला हात दिला. तो हात त्याने घेतला, हे मी पाहिलं.

मी लिहून दिलं. एका पानात. प्रश्न कुणी काढला, आकडा कधी बदलला, उत्तर का चुकलं, आणि चूक परीक्षकाची असून कोणत्याही उमेदवाराची नाही. प्रिन्सिपॉलांना एक प्रत दिली. त्यांनी ती वाचली आणि एवढंच म्हणाले, “इतकं सविस्तर लिहायची गरज होती का?” मी म्हणाले, होती.

वाणी साहेबांनी अकरावा प्रश्न रद्द करून निकाल पुन्हा लावला. बरोबर उत्तराला मार्क देण्यापेक्षा ते त्यांना कमी भांडणाचं वाटलं. त्यामुळे भाईदासांचे मार्क कागदोपत्री ७१ च राहिले. त्यांचं साडेसदतीस बरोबर होतं अशी नोंद कारखान्यात कुठेही झाली नाही, माझ्या त्या पत्राखेरीज. एक तारखेला त्यांनी टेस्ट इन्स्पेक्टरचा चार्ज घेतला.

नरेंद्रला पुढच्या वेळी जागा निघाली की आधी विचारू, असं सांगण्यात आलं. त्याने वर्षभर वाट पाहिली आणि मग नाशिकच्या एका कंपनीत गेला. तिथे त्याचं चांगलं झालं, असं त्याच्या एका मित्राकडून कळलं. मला तो परत भेटला नाही. त्याची जागा जाणं न्याय्य होतं, याबद्दल मला शंका नाही. पण त्याच्या घरी पेढे वाटले गेले ते माझ्या उत्तरावर, एवढं मात्र माझ्या हिशोबात राहिलं.

पुढच्या वर्षी कारखान्याने पेपर दुसऱ्या कॉलेजकडून काढून घेतला. मला कळवण्यात आलं नाही आणि मीही विचारलं नाही.

भाईदास मात्र वर्षातून एक-दोनदा येत राहिले. इन्स्पेक्टरला रिपोर्ट लिहावे लागतात, त्यासाठी त्यांना सूत्रं शिकायची होती. तिन्ही शिकले. एकदा मी त्यांना अकरावीच्या वर्गात उभं केलं आणि ती १५, १२, ९, ६, ३, ० ची ओळ फळ्यावर लिहायला लावली. मुलांनी विचारलं, सर, शून्यानंतर काय? ते म्हणाले, “शून्यानंतर खाली उतरायचं आणि टायर बघायचे.” मुलं हसली. मी त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मंदनाचं गणित त्याच ओळीने सुरू केलं, सूत्र दुसऱ्या दिवशी.

पेपर तपासण्याची माझी पद्धतही बदलली. एखाद्याचं उत्तर यादीशी जुळलं नाही की त्याचा कागद मी बाजूला काढायचे आणि पहिल्या ओळीपासून वाचायचे. बहुतेक वेळा तो चुकलेलाच असतो. वाचायला तीन मिनिटं लागतात.